निक फाल्डोने जमलेला स्विंग का मोडला आणि त्यातून त्याच्या हाती काय आलं

इंग्लंडचा गोल्फपटू निक फाल्डो याच्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा सतरा वर्षांचा भाचा पुण्यात गोल्फ खेळतो, हँडिकॅप पाचच्या आसपास आहे, म्हणजे फेरीला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण पाच जास्त. त्याला शिकवणारे म्हणतात, स्विंग, म्हणजे काठी फिरवायची पद्धत, मुळापासून बदलू, दोन वर्षं स्कोअरकडे बघायचं नाही, निक फाल्डोने हेच केलं आणि सहा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी, जिंकल्या. मामांना दोन गोष्टी हव्या आहेत: फाल्डोची ही कथा खरी किती, आणि एवढं जिंकणारा माणूस त्याच्याच देशात फारसा लाडका का नव्हता.

कथा खरी आहे, पण सांगताना तिचा निम्मा भाग गळतो. स्विंग बदलायला घेतला तेव्हा फाल्डो सत्तावीस वर्षांचा होता. युरोपच्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, एका मोसमात तो पहिला आला होता, अमेरिकेत एक स्पर्धा जिंकून झाली होती, अमेरिकेविरुद्धच्या सांघिक रायडर कपमध्ये निकलस आणि वॉटसन या बड्या खेळाडूंना हरवून झालं होतं. आपलं काय बिघडतं आणि कधी बिघडतं हे त्याला बोट ठेवून सांगता येत होतं. मी बरीच वर्षं गोल्फ शिकवतो आहे. ‘मला फाल्डोसारखं सगळं बदलायचंय’ असं म्हणत येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हेच विचारतो की तुझं नेमकं काय बिघडतंय. उत्तर बहुतेक वेळा येत नाही.

सुरुवातीपासून बघू. फाल्डोचा जन्म १८ जुलै १९५७ चा, लंडनच्या उत्तरेला वेलविन गार्डन सिटीत. घर साधं, मुलगा एकुलता एक. पोहायचा, सायकल चालवायचा. १९७१ च्या एप्रिलमध्ये टीव्हीवर मास्टर्स ही अमेरिकेतली मेजर बघताना त्याला जॅक निकलस दिसला आणि त्या तेरा वर्षांच्या पोराने ठरवून टाकलं. गावच्याच क्लबात इयन कॉनेली नावाच्या प्रोकडे, म्हणजे व्यावसायिक शिक्षकाकडे, शिकायला लागला. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, दिवस रेंजवर, सरावाच्या मैदानावर, जायला लागले. १९७५ मध्ये, म्हणजे हातात काठी धरल्यापासून जेमतेम चार वर्षांत, त्याने रॉयल लिदमच्या मैदानावर इंग्लिश अ‍ॅमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. त्यानंतर ह्यूस्टन विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत गेला आणि काही आठवड्यांतच परत आला. कॉलेजच्या वेळापत्रकात त्याला हवा तेवढा सराव बसत नव्हता. १९७६ मध्ये तो प्रो झाला.

१९७७ चा रायडर कप त्याच लिदमला होता. वय वीस. पीटर ऊस्टरहाउसबरोबर खेळताना त्याने निकलस आणि रेमंड फ्लॉइडच्या जोडीला हरवलं आणि शेवटच्या दिवशी एकेरीत टॉम वॉटसनला. वॉटसनने त्याच वर्षी मास्टर्स आणि ओपन (ब्रिटनमधली मेजर) दोन्ही जिंकल्या होत्या. तीन सामने, तिन्ही जिंकले. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आधी सामान्य होता, मग कोच भेटला आणि चॅम्पियन झाला’ असा समज बराच पसरलेला आहे. तो कधीच सामान्य नव्हता.

आता जुना स्विंग. फाल्डो सहा फूट तीन इंच. उंच माणसाचा स्विंग सहज उभा होतो, आणि त्याचा तर फारच उभा होता. काठी वर जाताना हात उंच, खाली येताना गुडघे आणि कंबर लक्ष्याच्या दिशेने जोरात सरकायची, आणि शेवटी पाठ मागे वाकून कमान व्हायची. त्या काळी निकलसच्या प्रभावामुळे निम्मी तरुण पिढी तशीच संपवायची. दिसायला फार देखणा. त्याचा टेम्पो, म्हणजे स्विंगची लय, तर असा होता की घाई म्हणून काही दिसायचीच नाही. या स्विंगवर त्याने १९७८, १९८० आणि १९८१ मध्ये ब्रिटिश पीजीए जिंकली, १९८३ मध्ये युरोपात पाच स्पर्धा जिंकून मोसमाच्या क्रमवारीत, ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, पहिला आला आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत हिल्टन हेडला हेरिटेज क्लासिक घेतली.

मग अडलं कुठे? सगळं जमून यायला वेळेचा मेळ लागत होता. पाय इतके सरकत असतील तर हातांना शेवटच्या क्षणी काठीचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) सरळ करावा लागतो. मोकळ्या मनाने खेळताना हात ते बरोबर करतात. शेवटच्या नऊ होलांवर, घशाला कोरड पडलेली असताना, पाय थोडे जास्त धावतात आणि हात मागे राहतात. दुसरी अडचण चेंडूच्या उड्डाणाची. उभ्या स्विंगमुळे आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या काठीचा) फटका उंच जायचा आणि फिरकी जास्त घ्यायचा. शांत हवेत हरकत नाही. समुद्राच्या वाऱ्यात असा चेंडू कुठे उतरेल आणि किती यार्ड जाईल, याचा भरवसा राहत नाही. आणि ओपन तर समुद्रकाठच्या लिंक्सवरच होते.

१९८३ च्या ओपनमध्ये बर्कडेलला तो शेवटच्या दिवशी आघाडीवर होता आणि मागे पडला. १९८४ च्या मास्टर्समध्येही शेवटच्या दिवशी घसरला. ब्रिटिश टॅब्लॉइडनी लगेच त्याचं ‘फोल्डो’ केलं, ऐन वेळी गुडघे टेकणारा. त्यात १९८५ मध्ये सँडी लाइलने ओपन जिंकली. लाइल त्याच्याच पिढीचा, लहानपणापासूनचा प्रतिस्पर्धी आणि लोकांचा आवडता.

कोच डेव्हिड लेडबेटर तेव्हा फार मोठं नाव नव्हतं. जन्म इंग्लंडचा, वाढलेला ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत. निक प्राइस त्याचा विद्यार्थी. १९८४ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला फाल्डोशी त्याचं बोलणं झालं. पुढच्या मे महिन्यात ओहायोत मेमोरियल स्पर्धेच्या वेळी फाल्डोने त्याला सांगून टाकलं की हातचं काही राखू नकोस, जे काय चुकतंय ते सगळं एकदम सांग.

लेडबेटरने जे बदललं ते सुटं सुटं लिहिलं की फार वाटतं, पण त्यामागचा विचार एकच होता. काठीवर ताबा हातांच्या चलाखीने ठेवायचा की शरीराच्या वळण्याने? त्याने दुसरं निवडलं. पाय थोडे रुंद ठेवले, म्हणजे उंच देहाला बूड मिळालं. बॅकस्विंगमध्ये मनगटं लवकर वळवायला लावली आणि डावा कोपरापुढचा हात थोडा फिरवायला लावला, त्यामुळे काठी उभी वर न जाता शरीराभोवती जास्त चपटी जायला लागली. खाली येताना पायांची धाव बंद. छाती आणि कंबर वळेल, हात त्यांच्या बरोबरीने येतील. शेवटची कमान गेली, फाल्डो सरळ उभा राहून संपवायला लागला. चेंडू खालून, कमी फिरकीने, एका ठरलेल्या खिडकीतून जायला लागला. १९८७ नंतरचं त्याचं कुठलंही चित्रण बघा. फटक्याआधी तो काठी अर्ध्यावर नेऊन थांबतो, मनगटं आणि काठीची जागा तपासतो, मग परत आणतो. अनेकांना ती नुसती सवय वाटते. ती तालीम होती, तीच एक गोष्ट परत परत.

आता जो भाग गळतो तो. टेम्पो बदलला नाही. पुटिंगची, म्हणजे होलजवळ चेंडू घरंगळवण्याची, मूळ लय बदलली नाही. स्पर्धेत डोकं चालवायची पद्धत बदलली नाही. स्वतःचं जे उत्तम होतं ते त्याने जपलं आणि जे दडपणाखाली दगा द्यायचं तेवढंच काढून टाकलं. माझ्या मते हे सगळ्यात कठीण होतं, आणि याच्यामुळेच ते साधलं.

किंमत मोठी मोजली. मे १९८४ ते मे १९८७ या तीन वर्षांत एकही विजय नाही. प्रायोजक गेले. फ्लोरिडातल्या उन्हात तो लेडबेटरच्या समोर दिवसदिवस चेंडू मारत बसायचा, हाताला फोड येऊन फुटेपर्यंत. इकडे इंग्लंडमध्ये पेपरवाले लिहीत होते की या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेतलंय. स्पर्धांमध्येही तो अर्धा जुना, अर्धा नवा असा खेळत होता. स्विंग बदलण्यातली सगळ्यात वाईट अवस्था हीच. जुन्यावरचा विश्वास उडालेला असतो आणि नवा अजून अंगात उतरलेला नसतो. या मधल्या काळात बहुतेक खेळाडू परत फिरतात. फाल्डो फिरला नाही, आणि त्याच्याकडे तीन गोष्टी होत्या म्हणून तो फिरला नाही: आधी कमावलेला पैसा आणि टूरवरची जागा, एकच कोच आणि एकच विचार, आणि तासनतास एकट्याने तेच तेच करत राहायची वृत्ती.

म्हणून भाच्याबद्दल इथेच सांगून टाकतो. सतराव्या वर्षी पाच हँडिकॅप असलेल्या मुलाचे फटके कुठे वाया जातात ते आधी नोंदवा. किती ग्रीन (होलभोवतीचं आखूड गवत) सुटतात, सुटलेल्या ग्रीनवरून किती वेळा पार (त्या होलचे ठरलेले फटके) वाचतो, शंभर यार्डांच्या आतून चेंडू किती जवळ पडतो. मी बघितलेल्या या पातळीच्या बहुतेक मुलांचे फटके वेज (जवळच्या फटक्याची काठी) आणि पुटवर वाया जातात, ड्रायव्हरवर (लांब पल्ल्याच्या काठीवर) नाही. ग्रिप किंवा उभं राहणं चुकीचं असेल तर ते बदलायला हेच वय योग्य, आणि त्याला दोन वर्षं लागत नाहीत. पण शिकवणाऱ्यांनी ‘हा दोष आहे, तो या परिस्थितीत असा दिसतो, आणि तो गेल्यावर चेंडू असा उडेल’ हे तीन वाक्यांत सांगितलं पाहिजे. त्यांना ते सांगता येत असेल तर मुलाला त्यांच्याकडे ठेवा, आणि मग मधेच दुसऱ्या कोणाचे व्हिडिओ बघून फिरवाफिरव करू नका. सांगता येत नसेल तर फाल्डोचं नाव घेऊन उपयोग नाही. आणखी एक. तो या वर्षी कॉलेजच्या किंवा राज्याच्या निवडीला बसणार असेल तर मोठा बदल पावसाळ्यानंतर ढकला. फाल्डोला त्या काळात निवड समितीपुढे उभं राहायचं नव्हतं.

१९८७ च्या एप्रिलमध्ये फाल्डोला मास्टर्सचं आमंत्रणच आलं नाही. जगातले मोठे खेळाडू मास्टर्ससाठी ऑगस्टाला होते तेव्हा तो मिसिसिपीमधल्या हॅटिसबर्गला एका दुय्यम स्पर्धेत खेळत होता. तिथे त्याचे चार दिवसांचे स्कोअर होते ६७, ६७, ६७, ६७. दुसरा आला. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा आठवडा फार बोलका वाटतो, कारण ६२ एकदा कोणीही मारतो. चार दिवस तोच आकडा येतो तेव्हा समजावं की यंत्र बसलंय. पुढच्या महिन्यात त्याने स्पॅनिश ओपन जिंकली आणि जुलैमध्ये तो ओपनसाठी मुइरफील्डला आला.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मुइरफील्ड, रविवारची सकाळ, समुद्रावरून आलेलं धुकं आणि बारीक पाऊस. आदल्या दिवशी त्याला तीस वर्षं पूर्ण झालेली. अमेरिकेचा पॉल एझिंगर एका फटक्याने पुढे. फाल्डोने त्या दिवशी अठरा होलांवर अठरा पार केले. एकही बर्डी (पारपेक्षा एक कमी) नाही, एकही बोगी (पारपेक्षा एक जास्त) नाही. यातले काही पार सरळ होते, काही बंकरमधून, वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर काढून वाचवलेले. अठराव्या होलवर त्याने पाच नंबर आयर्नने ग्रीन गाठलं, पहिला पुट चार-पाच फूट पुढे गेला आणि तो परतीचा पुट त्याने घातला. मागे एझिंगरने सतराव्यावर ड्रायव्हर काढला, चेंडू बंकरमध्ये गेला, बोगी. अठराव्यावर पुन्हा बंकर, पुन्हा बोगी. फाल्डो २७९, एझिंगर आणि रॉजर डेव्हिस २८०.

‘समोरचा चुकला म्हणून जिंकला’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले, अजूनही म्हणतात. त्यांना वाऱ्यात आणि धुक्यात मुइरफील्डवर एक तरी फेरी खेळायला लावावं. अठरा पार म्हणजे अठरा वेळा चेंडू निदान वाचवता येईल अशा जागी पडला. हीच गोष्ट त्याला जुन्या स्विंगने मिळत नव्हती आणि हीच विकत घ्यायला त्याने तीन वर्षं दिली. लांबी नव्हे, नेम नव्हे, अंतराचा भरवसा. दीडशे यार्ड म्हटलं की दीडशेच.

पुढच्या वर्षांचा पट भरभर सांगतो. १९८८ मध्ये ब्रुकलाइनला यूएस ओपनच्या प्ले-ऑफमध्ये (बरोबरी सोडवणाऱ्या जादा खेळात) कर्टिस स्ट्रेंजकडून ७१ विरुद्ध ७५ असा हरला. १९८९ च्या मास्टर्समध्ये तिसऱ्या फेरीत ७७ मारून जवळजवळ बाहेर गेला होता, चौथ्या फेरीसाठी पुटर बदलला आणि ६५ मारले. प्ले-ऑफच्या पहिल्या होलवर स्कॉट होकचा दोन फुटांचा पुट चुकला, त्या पुटने होक जिंकला असता. पुढच्या, म्हणजे अकराव्या होलवर, पाऊस आणि अंधार यांच्यामध्ये, फाल्डोने सुमारे पंचवीस फुटांचा पुट घातला. मास्टर्स विजेत्याचा हिरवा कोट चढवायला आदल्या वर्षीचा विजेता म्हणून उभा होता सँडी लाइल! १९९० मध्ये त्याने मास्टर्स राखली, पुन्हा प्ले-ऑफमध्ये, पुन्हा अकराव्या होलवर. यावेळी रेमंड फ्लॉइडचा चेंडू तळ्यात गेला. सलग दोन वर्षं मास्टर्स जिंकणारा तो निकलसनंतरचा पहिलाच. त्या जूनमध्ये मेदिनाला यूएस ओपनचा प्ले-ऑफ एका फटक्याने हुकला. यूएस ओपन आणि अमेरिकेची पीजीए या उरलेल्या दोन मेजर त्याला शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत.

१९९० पासून त्याची बॅग फॅनी सुनेसन वाहत होती. स्वीडनची, वयाने लहान, आणि त्या काळच्या टूरवर बाई कॅडी म्हणजे लोक वळून बघायचे. पुरुषांची मेजर जिंकून देणारी ती पहिली स्त्री कॅडी. फाल्डोच्या सहापैकी चार मेजरमध्ये बॅग तिच्याकडे होती. कॅडीचं काम म्हणजे बॅग उचलणं आणि चेंडू शोधणं असं आपल्याकडे अजूनही पुष्कळ क्लबांत समजतात. सुनेसनच्या वहीत प्रत्येक ग्रीनवर कुठे पडलेलं चालेल आणि कुठे नाही, हे लिहिलेलं असायचं. अंतरावर जगणाऱ्या खेळाडूला अशीच माणसं लागतात.

सेंट अँड्र्यूजची १९९० ची ओपन हा त्याच्या खेळाचा कळस. दोन फेऱ्यांनंतर तो आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रेग नॉर्मन बरोबरीत होते. तिसऱ्या दिवशी दोघं एकत्र खेळले. फाल्डो ६७, नॉर्मन ७६. शेवटी अठरा अंडर (पारपेक्षा अठरा कमी), २७०, पाच फटक्यांनी विजय. ओल्ड कोर्सवर ग्रीनच्या पुढे-मागे जे उंचवटे आणि खड्डे आहेत तिथे चेंडू दहा यार्ड इकडे पडला तर जवळ येतो, तिकडे पडला तर वीस यार्ड दूर जातो. फाल्डो त्या आठवड्यात वीस यार्ड दूर फारसा गेलाच नाही. त्याच सप्टेंबरात तो जागतिक क्रमवारीत पहिला आला. सगळे मिळून ९७ आठवडे तो तिथे होता.

पण मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखी ओपन १९९२ ची, पुन्हा मुइरफील्ड. पहिल्या दोन फेऱ्या ६६ आणि ६४, त्या वेळचा विक्रम. शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन निघाला आणि ती उधळली. चौदा होल संपले तेव्हा जॉन कुकच्या दोन फटके मागे होता. ‘फोल्डो’ लिहिणाऱ्यांच्या पेना तयार असणार. उरलेले चार होल आयुष्यातले सगळ्यात चांगले खेळायचे, असं त्याने स्वतःला बजावलं. पंधराव्यावर पाच नंबर आयर्नचा दाबून मारलेला अर्धा फटका पिनपासून (होलमधल्या झेंड्यापासून) तीन फुटांवर, बर्डी. सतराव्यावर दोन फटक्यांत ग्रीन, बर्डी. तेवढ्यात पुढच्या जोडीत कुकचा सतराव्यावर दोन फुटांचा पुट चुकला आणि अठराव्यावर बोगी झाली. अठराव्यावर फाल्डोने तीन नंबर आयर्न मारला आणि पार केला. २७२ विरुद्ध २७३.

पंधराव्यावरचा तो अर्धा फटका मी विद्यार्थ्यांना परत परत दाखवतो. हरायला आलेला खेळाडू पूर्ण ताकदीने मारतो, कारण ताकद लावली की भीती कमी वाटते. ठरवून कमी मारायला स्विंगवर केवढा विश्वास लागतो ते स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही. १९८४ च्या फाल्डोकडे हा फटका नव्हता.

आता दुसरा प्रश्न, लोकांना तो का आवडला नाही. काही कारणं जुनी आहेत. १९८० च्या केनिया ओपनमध्ये सूर्याची तिरीप डोळ्यात जाऊ नये म्हणून लाइलने पुटरवर टेप चिकटवली होती. फाल्डोने ते अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं आणि लाइल बाद झाला. नियमाने फाल्डो बरोबर होता. गोल्फमध्ये नियमभंग दिसला तर बोलणं हे बाकीच्या खेळाडूंशी इमान राखणंच असतं. पण लाइल सगळ्यांचा लाडका, आणि फाल्डोने आधी त्यालाच का नाही सांगितलं, हे लोकांच्या मनात राहिलं. १९८३ मध्ये वेंटवर्थला मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या समोरासमोरच्या सामन्यात) ग्रॅहॅम मार्शविरुद्ध त्याचा चेंडू सोळाव्या ग्रीनच्या पलीकडे गेला आणि कोणा प्रेक्षकाने तो परत ग्रीनवर फेकला. पंचांनी तिथूनच खेळायला सांगितलं, तो खेळला आणि सामना जिंकला. इथे मात्र माझं मत लोकांसारखंच आहे, तो होल त्याने सोडायला हवा होता.

त्यात स्वभाव. खेळताना बोलायचा नाही, हसायचा नाही, सोबतच्या खेळाडूकडे बघायचा नाही. बाजूला स्पेनचा सेव्हे बॅलेस्टेरॉस होता, कार पार्कमधून बर्डी करणारा. त्याच्यापुढे अठरा पार करणारा माणूस लोकांना रुक्ष वाटणारच. १९९२ ची ट्रॉफी हातात घेऊन भाषण करताना त्याने पत्रकारांचे आभार मानले ते इतक्या खोचक, कमरेखालच्या विनोदाने की घरातल्या टीव्हीसमोर बसलेल्यांनाही अवघडल्यासारखं झालं. वर गाण्याची एक ओळही म्हटली. इतकी वर्षं साठलेलं बाहेर आलं, पण वेळ चुकली.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. रायडर कपमध्ये तो सलग अकरा वेळा खेळला आणि २५ गुण मिळवले. २०१८ मध्ये सर्जिओ गार्सियाने मागे टाकेपर्यंत तो विक्रमच होता. एकलकोंड्या म्हणून हिणवलेल्या माणसाने जोडीच्या सामन्यांत, विशेषतः इयन वूस्नमबरोबर, युरोपला कितीतरी गुण दिले. १९९५ मध्ये ओक हिलला तो स्ट्रेंजविरुद्ध दोन होल बाकी असताना मागे होता. शेवटच्या होलवर झाडीतून चेंडू फेअरवेवर आणला, वेजने जवळ मारला, पुट घातला आणि सामना जिंकला. युरोपने तो कप एका गुणाने जिंकला.

१९९६ च्या मास्टर्सची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण ती नॉर्मनच्या बाजूने सांगितली जाते. नॉर्मनने पहिल्या दिवशी ६३ मारले आणि रविवारी सहा फटक्यांची आघाडी घेऊन निघाला. सोबत फाल्डो. आठव्या होलपर्यंत आघाडी तीनवर आली. पुढचे चार होल बघा. नॉर्मन: बोगी, बोगी, बोगी, आणि बाराव्यावर पाण्यात जाऊन डबल बोगी. फाल्डो: पार, पार, पार, पार. तीनची आघाडी होती, आता नॉर्मन दोन मागे. या चार होलांवर फाल्डोने काहीही विशेष केलं नाही आणि सगळं केलं. नॉर्मन प्रत्येक टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) येताना बघत होता की शेजारचा माणूस चुकणार नाही.

तेराव्यावर मग खरा निर्णय आला. पार पाचचा होल, ग्रीनसमोर ओढा, अंतर २२८ यार्ड, चेंडू उताराच्या बाजूला. फाल्डोने आधी पाच नंबर वुड काढला, काठी जमिनीवर नीट बसेना, तो ठेवून दोन नंबर आयर्न घेतला आणि ग्रीनवर टाकला. बर्डी. शेवटी तो ६७, नॉर्मन ७८, पाच फटक्यांचा विजय. अठराव्यावर फाल्डोने नॉर्मनला घट्ट मिठी मारली. आयुष्यभर कोरडा म्हणून नावं ठेवली गेलेल्या माणसाबद्दल लोकांचं मत त्या मिनिटात बदललं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने ज्याला हिरवा कोट चढवला तो एकवीस वर्षांचा टायगर वुड्स होता.

नंतरचा काळ उतरणीचा. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसजवळ रिव्हिएराला त्याने टूरवरची शेवटची स्पर्धा जिंकली. १९९८ मध्ये लेडबेटरशी फाटलं, १९९९ मध्ये सुनेसन गेली. मग एकामागून एक कोच, एकामागून एक छोटे बदल. तेच तंत्र आणि तेच हात, पण चाळिशीनंतर अंतराचा तो भरवसा परत आला नाही. २००३ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, ओपनमध्ये आठव्या स्थानावर बरोबरीत आला, तेवढाच एक झरोका. तंत्राने माणूस आयुष्यभर तरून जातो, असं मानणाऱ्यांनी ही वर्षंही वाचावीत.

२००८ च्या रायडर कपमध्ये व्हॅलहालाला तो कर्णधार होता आणि युरोप साडेसोळा-साडेअकराने हरला. हॅरिंग्टन, वेस्टवुड, पोल्टर अशी मोठी नावं त्याने एकेरीत शेवटी ठेवली. खालचे सामने संपायच्या आधीच निकाल लागला. जोड्यांची चिठ्ठी छायाचित्रकारांनी टिपली तेव्हा ती सँडविचची यादी आहे असं म्हणाला. पुढच्या वर्षी त्याला ‘सर’ किताब मिळाला. अमेरिकन टीव्हीवर समालोचक म्हणून तो २०२२ पर्यंत दिसत होता, आणि तिथे भरपूर बोलायचा, विनोद करायचा. जुने सहकारी चकित व्हायचे. १९९६ मध्ये त्याने मुलामुलींसाठी फाल्डो सीरीज सुरू केली, त्यातून रोरी मॅकिलरॉय आणि यानी त्सेंग खेळून गेले.

भाच्याला काही दाखवायचंच असेल तर लेडबेटरच्या धड्यांचे व्हिडिओ नकोत. मुइरफील्ड १९९२ चे शेवटचे चार होल दाखवा, आणि प्रत्येक फटक्याआधी चित्र थांबवून विचारा की तू इथे कुठली काठी घेतली असतीस.